माडीवर पुस्तकांची कपाटं ठेवायची आहेत: जुन्या सागवानी कड्या किती वजन घेतील?

चेंदणीकर · ११ एप्रिल

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं ठाण्याच्या चेंदणीतलं जुनं घर आहे, तळमजला आणि वर माडी. पणजोबांनी बांधलं एवढंच घरात माहीत आहे, साल विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. खाली काकू राहते. माडी गेली सहा वर्षं बंद होती. आता बाबांनी वर्तकनगरचा फ्लॅट आवरायला घेतलाय आणि त्यांची पुस्तकं माडीवर न्यायची आहेत. सहा लाकडी कपाटं, प्रत्येक ३ फूट रुंद, ६ फूट उंच, ठासून भरलेली. दिवाळी अंकच दोन कपाटं आहेत, ते टाकायचे नाहीत असा हुकूम आहे.

माडीची जमीन कडीपाटाची. खालून पाहिलं की ओळीने कड्या, त्यावर फळ्या. दिसायला देखणी, पण खोलीच्या मधोमध पाय पडला की फडताळातल्या बरण्या किणकिणतात. लहानपणी आम्ही मुद्दाम उड्या मारून त्या वाजवायचो. आता तोच आवाज ऐकला की पोटात गोळा येतो.

दोघांना बोलावून दाखवलं. मिस्त्रींनी हात वर करून एका कडीवर थाप मारली आणि म्हणाले, "साहेब, शंभर वर्षांचं सागवान आहे. हत्ती बांधा." दुसरे कंत्राटदार. ते दारातूनच म्हणाले, "हे सगळं काढू, स्लॅब टाकून देतो." दोघांच्याही खिशात टेप होती, ती कोणीही बाहेर काढली नाही.

तर कडी किती वजन घेईल हे घरच्या घरी अंदाजे तरी काढता येतं का?

टपरीवरचा चहा · ११ एप्रिल

हत्ती बांधायला हरकत नाही, पण जिन्यावरून चढवणार कसा ते मिस्त्रींना विचारून घ्या.

मोगरा_नौपाडा · ११ एप्रिल

आमच्या विष्णुनगरच्या घरालाही अशीच माडी होती. सागवान खरंच चिवट असतं हो. पण "सागवान आहे" हे ऐकून गप्प बसू नका. आमचं गाभ्याचं साग मधे ठणठणीत होतं आणि भिंतीत गेलेली टोकं मात्र हाताने चुरगळत होती. खालून बघताना टोक दिसतच नाही ना.

ओळंबा · १२ एप्रिल

चेंदणीकर, आधी मापं द्या, मग बोलू. कडीची रुंदी आणि खोली (उभं माप) तीन-चार ठिकाणी घ्या, एकाच ठिकाणी नको. जुन्या कड्या हाताने तासलेल्या असतात, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतात. दोन कड्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. भिंतीपासून भिंतीपर्यंत, किंवा मधे तुळई असेल तर तुळईपर्यंतची मोकळी लांबी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फळ्यांवर नेमकं काय काय आहे. कोपऱ्यातली एक फरशी उचकटून पाहा. हे कोणी बघत नाही.

आणखी एक. कडीच्या दोन्ही टोकांना खालच्या बाजूने सुतळी ताणून बांधा. मधोमध कडी सुतळीच्या किती खाली आलीय ते पट्टीने मोजा. सुतळी ताठ हवी, नाहीतर तिचाच झोळ मोजाल.

चेंदणीकर · १३ एप्रिल

ओळंबा काका, आज शिडी लावून बसलो होतो. काकू खालून "पडशील, पडशील" करत होती.

खोली १० फूट बाय साडेसोळा फूट. कड्या १० फुटांच्या दिशेने, मधे तुळई नाही. कडी रुंदीला ७५ मिमी, उभी १२५ मिमी (एका जागी १२०, एका जागी १३०). अंतर दीड फूट. वर शहाबादी फरशी, आणि काकू म्हणते खाली माती आणि चुन्याचा भराव. सुतळीचं माप: मधली कडी २४ मिमी खाली. बाकीच्या २० ते २३.

साग आहे हे कसं ओळखायचं? चाकूने जराशी कपची काढली, आतून सोनेरी-तपकिरी, हाताला तेलकट, आणि वास जुन्या चामड्यासारखा.

ओळंबा · १३ एप्रिल

वासावरून साग दिसतोय. त्या काळच्या घरांत ऐनाचं लाकूडही खूप वापरलं जायचं, म्हणून मी विचारलं नव्हतं तरी तुम्ही तपासलंत हे बरं केलंत.

आता हिशेब. वाचताना कंटाळा आला तर शेवटची ओळ वाचा.

कडीची वाकण्याविरुद्धची ताकद रुंदी × उभं माप × उभं माप ÷ ६ यावर ठरते. ७.५ × १२.५ × १२.५ ÷ ६ म्हणजे १९५ घन सेंमी. उभं माप दोनदा येतं हे लक्षात ठेवा, म्हणूनच कडी उभी ठेवतात, आडवी नाही. चांगल्या सागाला आयएस ८८३ (लाकडी बांधकामाचं भारतीय मानक) जास्त मुभा देतो, पण तुमचं लाकूड प्रतवारी न केलेलं, गाठी कुठे आहेत माहीत नाही. म्हणून वाकताना लाकडाने सोसायचा ताण मी १०० किलो प्रति चौरस सेंमीच धरतो. १० फूट म्हणजे ३ मीटर लांबीवर एक कडी पसरलेलं वजन ५२० किलोपर्यंत घेईल. अंतर दीड फूट, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३८५ किलो.

यातून जमिनीचं स्वतःचं वजन वजा करा. कड्या आणि फळ्या मिळून ३० किलो. तीन इंच भराव १३० किलोच्या आसपास. इंचभर शहाबादी ६५ किलो. एकूण सव्वादोनशे.

उरले १६०. राहत्या घरात माणसं, सामान मिळून आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं मानक) चौरस मीटरला २०० किलो धरायला सांगतो. म्हणजे कपाटांच्या आधीच तुम्ही ४० ने कमी आहात.

गणिती_घोडबंदर · १३ एप्रिल

काका, एक शंका. भरलेलं कपाट २५० किलो धरलं तर सहा कपाटं म्हणजे १५०० किलो. खोली १५ चौरस मीटर. सरासरी १०० किलोच येते. उरलेल्या १६० मध्ये आरामात बसतंय की!

ओळंबा · १३ एप्रिल

सरासरीने नदी पार करायला निघालेल्या माणसाची गोष्ट शाळेत ऐकली असेल. कपाट सरासरी खोलीवर उभं राहत नाही, ३ फूट बाय १ फूट जागेवर उभं राहतं. तेवढ्याच जागेचं गणित केलंत तर चौरस मीटरला ९०० किलोच्या आसपास जातं. दोन कड्या ते सगळं घेतात आणि बाकीच्या कड्या मजा बघतात.

फळ्या आणि भराव थोडं वजन शेजारच्या कड्यांवर वाटतात हे खरं. पण किती वाटतात त्यावर मी सही करणार नाही.

गणिती_घोडबंदर · १३ एप्रिल

मान्य. मग कपाटं भिंतीला लावली तर?

सुतारपक्षी · १४ एप्रिल

मधे तोंड घालतो. आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम, वडील मुरबाडकडचं साग आणायचे. गणिती भाऊ, प्रश्न बरोबर आहे. फक्त कपाट कुठल्या भिंतीला, ते बघा. कड्या ज्या भिंतींत घुसल्यात त्यांच्याजवळ कपाट ठेवलं, पाठ भिंतीला लावून, तर वजन कडीच्या टोकाजवळ येतं आणि कडी मधे फार वाकत नाही. दुसऱ्या दोन भिंतींना लावलं तर अख्खं कपाट लांबीने एकाच कडीच्या डोक्यावर बसतं. लोक नेमकं तेच करतात, कारण ती भिंत लांब... नाही, तुमच्या खोलीत उलट आहे. तुमच्या कड्या आखूड बाजूने आहेत, म्हणजे लांब भिंतींतच घुसल्यात. नशीब.

ओळंबा · १४ एप्रिल

सुतारपक्षी म्हणतात ते आकड्यात: भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवलेलं वजन कडीला जेवढं वाकवतं ते मधोमध ठेवलेल्या त्याच वजनाच्या जेमतेम तिसरा हिस्सा असतं.

पण थांबा, यात एक मेख आहे. टोकाजवळ वजन ठेवलं की सगळा भार त्या टोकाच्या टेकणीवर येतो. आणि मोगराताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, टोकंच आधी कुजतात. म्हणजे हिशेबात सगळ्यात सुरक्षित जागा ती प्रत्यक्षात सगळ्यात संशयास्पद. टोकं तपासल्याशिवाय तिथे वहीसुद्धा ठेवू नका.

सुतारपक्षी · १४ एप्रिल

टोक कसं बघायचं ते सांगतो. हातोडीने कडीवर मधून टोकाकडे ठोकत या. चांगलं लाकूड टण् बोलतं. आतून गेलेलं थप् बोलतं, खोका ठोकल्यासारखं. कान लागतो दोन-तीन कड्यांनंतर. मग बारीक टोच्या घ्या, नाहीतर जुना पेचकस घासून टोकदार करा, आणि भिंतीला लागून, खालच्या अंगाला आणि बाजूला टोचा. चांगल्या सागात दोन-तीन मिमी जाऊन अडकतो आणि काढताना लाकूड त्याला धरून ठेवतं. कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखा जातो. टोच्याने कपची उचकटून पण बघा. लांब तंतू निघाला तर जिवंत, बिस्किटासारखा चौकोनी तुकडा पडला तर मेलेलं.

भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. फळ्यांवर पिठासारखा बारीक भुगा पडत असेल तर भुंगा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण कडेचा पांढरा भाग ती मिटक्या मारत खाते. आणि मोरी कुठे आहे ते आधी सांगा.

चेंदणीकर · १४ एप्रिल

मोरी त्याच खोलीच्या कोपऱ्यात होती. आजीच्या वेळेला. आता बंद आहे, पण पाइप तिथूनच जातो.

सुतारपक्षी · १४ एप्रिल

मग आजच बघा.

आडवाटेचा · १५ एप्रिल

मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय. जुनं लाकूड वाळून वाळून लोखंड होतं. आमच्या गावच्या घराला १३० वर्षं झाली, अजून माळ्यावर भाताची पोती चढतात. आज मिळतं का तसं लाकूड? हल्लीच्या इंजिनियर लोकांना स्लॅबशिवाय काही सुचत नाही.

ओळंबा · १५ एप्रिल

स्लॅबचं नाव मी काढलेलंच नाही, वर जाऊन पाहा. उलट स्लॅब टाकला तर त्या भिंतींवर किती वजन येईल त्याचाही हिशेब करावा लागेल.

तुमच्या बोलण्यात निम्मं खरं आहे. कोरडं राहिलेलं, किडीविना लाकूड नुसत्या वयाने फारसं कमजोर होत नाही. पण सतत भार सोसणाऱ्या लाकडाची गोष्ट वेगळी. पाच मिनिटं ठेवलेल्या वजनाखाली लाकूड जेवढं टिकतं, त्याच्या ६० टक्क्यांच्या आसपासच ते दहा वर्षं सतत ठेवलेल्या वजनाखाली टिकतं. भाताची पोती चढतात आणि उतरतात. पुस्तकं उतरत नाहीत, आणि दिवाळी अंक तर नाहीच नाही.

शिवाय सतत वजनाखाली लाकूड हळूहळू लवत जातं, वजन न वाढवताही. चेंदणीकरांच्या कडीचा २४ मिमीचा झोळ एका दिवसात आलेला नाही. ३ मीटरला आयएस ८८३ फार तर साडेबारा मिमी मान्य करतो. तसा झोळ दिसला म्हणजे कडी उद्या मोडेल असं नव्हे. पण मला तो झोळ माझ्या हिशेबापेक्षा जास्त वाटतोय. वर काकूंनी सांगितलं त्याहून जास्त काहीतरी आहे असा संशय आहे. फरशी उचकटलीत का?

मोगरा_नौपाडा · १५ एप्रिल

आडवाटेचा दादा, आमच्या शेजारच्या वाड्यात सत्यनारायणाला माडीवर चाळीसेक माणसं बसली होती. काही झालं नाही. आरती झाली, सगळे एकदम प्रसादाला उठून एका दाराशी गोळा झाले आणि तीन कड्या कडकडून वाकल्या. कोणी पडलं नाही, देवाची कृपा, पण खालच्या घरात गिलावा पडून एक म्हातारी जखमी झाली. त्याच कड्यांवर त्याआधी साठ वर्षं पूजा होत होत्या.

आडवाटेचा · १५ एप्रिल

बरं बुवा. पोती खाली आणतो.

चेंदणीकर · १८ एप्रिल

मंडळी, उशीर झाला, कारण हाताला फोड आलेत.

कोपऱ्यातली एक फरशी उचकटायला गेलो तर ती शहाबादी नव्हतीच. वरवर काळपट दिसते ती मोझॅक लादी आहे, घासून घासून तशी झालेली. तिच्याखाली सिमेंटचा गिलावा, टेपने मोजला, ३० मिमी. त्याखाली शहाबादी, जशीच्या तशी, कोणी काढलीच नव्हती. त्याखाली भराव, तीन इंच. मग फळ्या. बाबांना फोन केला तर म्हणतात, "अरे हो, तुझ्या मुंजीच्या आधी वर लाद्या बसवल्या होत्या." हे त्यांनी आता सांगितलं.

टोकांचं: एकूण अकरा कड्या. आठ ठीक, पेचकस अडकतो, आवाज खणखणीत. मोरीकडच्या तीन मात्र गेल्यात. पहिल्या कडीत भिंतीलगत पेचकस मुठीपर्यंत गेला. हात कापला माझा. बाहेर काढल्यावर टोकाला ओलसर तपकिरी चिखल. इमारतीतल्या एका मित्राकडून ओलावा मोजायचं यंत्र आणलं. बाकी कड्यांत १३-१४ टक्के, मोरीकडे २७.

ओळंबा · १८ एप्रिल

२० च्या आत बुरशी वाढत नाही. २७ म्हणजे पाइप अजून गळतोय, जुनी गोष्ट नाही. पाइप बंद करा, आजच. आणि त्या तीन कड्यांखाली आज रात्रीच टेकू लावा. लोखंडी जॅक भाड्याने मिळतात. खाली आडवी फळी, वर आडवी फळी, जॅक नुसता हाताने घट्ट करा. कडी वर उचलायचा प्रयत्न करू नका, तडकेल. आणि खालच्या खोलीत काकू झोपत असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत हलवा.

आता नवा हिशेब. मोझॅक लादी ५० किलो, गिलावा ६०. आधीचे सव्वादोनशे. एकूण ३३० च्या वर. कडीची ऐपत ३८५. म्हणजे खोलीत एकही माणूस नसताना कड्या जवळपास भरून वाहत होत्या. माणसासाठी चौरस मीटरला ५० किलो उरत होते. २४ मिमीचा झोळ आता मला पटतो.

गणिती_घोडबंदर · १८ एप्रिल

१५ चौरस मीटर × ३३० = जवळपास ५ टन. आणि आपण इथे आठवडाभर दीड टन पुस्तकांवर भांडतोय.

टपरीवरचा चहा · १८ एप्रिल

हत्ती आधीच बांधलेला होता म्हणायचा. मुंजीच्या आधी.

चेंदणीकर · १८ एप्रिल

😅 जॅक लावले. तलावपाळीजवळच्या एका दुकानातून तीन आणले. काकू आमच्याकडे आली राहायला, पोळीचा डबा घेऊन.

कायदाकानून · १९ एप्रिल

एक सूचना कागदपत्रांची. घर खाजगी असलं तरी ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, महापालिकेच्या नोंदणीकृत इंजिनियरकडून. अहवालात इमारतीला सी-१ (राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करणे), सी-२ए (रिकामी करून मोठी दुरुस्ती), सी-२बी (रिकामी न करता दुरुस्ती) किंवा सी-३ (किरकोळ दुरुस्ती) यांपैकी एक वर्ग मिळतो. कड्या बदलण्याआधीच हा अहवाल हातात असू द्या, उद्या भाऊबंदकीत कामाला येतो. आणि कोणी म्हटलं की म्हाडा दुरुस्ती करून देईल, तर ते उपकरप्राप्त (सेस भरणाऱ्या) इमारतींचं प्रकरण मुंबई शहराचं आहे, ठाण्याला लागू नाही.

ओळंबा · १९ एप्रिल

+१. माझे आकडे गप्पांचे आहेत. सही करणारा माणूस घरी येऊन कड्या बघेल तो खरा. त्याच्याकडे बारीक ड्रिलचं यंत्र असेल तर भिंतीच्या आतलं टोकही तपासता येतं, तीन-चार मिमीची सुई लाकडात घालून विरोध मोजतात, छिद्र नंतर दिसतही नाही. त्याने टेप काढली नाही तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चेंदणीकर · २ मे

इंजिनियर येऊन गेले. टेप काढली, टोच्या काढला, दोन तास बसले. सी-२बी. त्यांचं मत ओळंबा काकांसारखंच: वरचं वजन उतरवा, मोरीकडच्या तीन कड्यांची टोकं बदला, स्लॅबची गरज नाही.

वजन उतरवायला सुरुवात केली. त्यांनी एकच गोष्ट तीनदा बजावली, तोडलेला मालमसाला खोलीच्या मधे ढीग करायचा नाही, गच्चीवजा गॅलरीतही नाही. प्रत्येक गोणी भरली की लगेच खाली. चार माणसं, पाच दिवस. आम्ही गोण्या मोजल्या, ११३.

आणि एक गंमत. मी सुतळी तशीच बांधून ठेवली होती. रोज संध्याकाळी पट्टी लावून बघायचो. शेवटची गोणी उतरली त्या रात्री मधली कडी १३ मिमीवर होती. म्हणजे ११ मिमी वर आली, कोणी हात न लावता.

सुतारपक्षी · २ मे

वाह. बाकी झोळ आता कायमचा समजा, तो मुरला लाकडात.

टोकांचं कसं केलं?

चेंदणीकर · ३ मे

तिन्ही कड्यांची कुजकी टोकं दीड फूट कापली, चांगलं लाकूड लागेपर्यंत. दोन्ही बाजूंनी १०० मिमीचे लोखंडी चॅनल, आरपार बोल्ट, चॅनल भिंतीत टेकवले. सिमेंटने ठासून बंद केलं नाही, बाजूने बोटभर हवा खेळती ठेवली आणि टेकणीवर चुन्याचा मसाला. इंजिनियर म्हणाले, लाकडाला गुदमरवलंत की पुन्हा कुजणार. रे रोडच्या बाजारात जुन्या घरांतून उतरवलेलं साग पाहायला गेलो होतो, अख्ख्या कड्याच बदलू म्हणून. किंमत ऐकून परत आलो.

आता फळ्यांवर १८ मिमी प्लाय आणि पातळ लाकडी फरशी.

ओळंबा · ३ मे

म्हणजे जमीन स्वतः ५० किलोच्या आत. त्यावर २०० किलोचा घरगुती भार धरला तर झोळ १० मिमीच्या आसपास, मर्यादेत. आणि ताकदीत ३८५ मधून सव्वाशेच्या वर शिल्लक. कपाटं लांब भिंतींना, पाठ भिंतीला, तीन एका बाजूला आणि तीन समोर. मोरीकडच्या कोपऱ्यात नको. उंच कपाट भिंतीला क्लिपने बांधा. इंजिनियरांकडून हे लेखी घ्या.

चेंदणीकर · २९ मे

पाऊस यायच्या आत कपाटं चढली. पण सहा नाही, चार. दोन कपाटं बाबांनी स्वतःहून तळमजल्यावर ठेवली. दिवाळी अंकांची. ११३ गोण्या त्यांनी मोजल्या होत्या, त्यानंतर फार बोलले नाहीत.

बरण्या अजून किणकिणतात, पण जरा कमी. मात्र काकूची तक्रार आली आहे. भराव गेल्यापासून माडीवर कोणी चाललं की खाली सगळं ऐकू येतं. बाबा रात्री दीड वाजता पुस्तक शोधत फिरतात तेही.

मोगरा_नौपाडा · २९ मे

फळ्या आणि प्लायच्या मधे नारळाच्या काथ्याची जाड गादी टाकायची होती. आम्ही टाकली. आता प्लाय काढणार का?

चेंदणीकर · २९ मे

नाही हो. बाबांना मऊ चप्पल घेतली.

नवाकोरा_डोंबिवली · ४ जून

धागा पूर्ण वाचला नाही, माफ करा. आमच्याकडे पण जुनी लाकडी माडी आहे, सागवानच आहे. ट्रेडमिल आणि डंबेल ठेवायचे आहेत. चालेल ना?

ओळंबा · ४ जून

कडीचं उभं माप किती? आणि फरशीखाली काय आहे?